नारखेडे सरांचा रिकामा रकाना

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात एखाद्या मुलाला कॉलेजात जागा मिळाली की त्या घरी दराबा व्हायचा. रवा, तूप आणि साखर परातीत घेऊन एकाच दिशेनं फेटत बसायचं, एकीचा हात भरून आला की दुसरीनं बसायचं, असा तो तिथला पदार्थ. पहिली वाटी देवापुढे जायची आणि दुसरी नारखेडे सरांकडे. ज्यांच्या घरी देवाधर्माचं फारसं नव्हतं त्यांच्याकडून पहिलीच सरांकडे यायची. सर चिमूटभर तोंडात टाकत, "कोणत्या कॉलेजचा?" असं विचारत आणि वाटी आत पाठवून देत. त्यांना गोड चालत नसे. मी त्यांच्या दर्शनी खोलीत भाडेकरू होतो, त्यामुळे उरलेला दराबा बहुतेक माझ्या वाट्याला येई. त्या चार वर्षांत मी अंगानं जरा भरलो, त्याचं श्रेय राजपुऱ्यातल्या हुशार मुलांनाच द्यायला हवं.

सर आमच्या शाळेत भूगोल शिकवत आणि मी चित्रकला. पण गावात त्यांना भूगोलाचे सर असं कोणी म्हणत नसे. ते 'फारमवाले सर' होते. कॉलेजचे अर्ज तेव्हा इंग्रजीत असायचे, लांबलचक असायचे, आणि ते सरांनी भरले की जागा मिळते असा सगळ्यांचा समज होता. सरांचाही होता, पण ते तसं बोलून दाखवत नसत.

अर्ज भरण्याचा दिवस रविवार. सकाळी अंघोळ करून सर ओट्यावर चटई टाकून बसत. पुढे उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, तिच्यावर दोन टाक, शाईची दौत आणि टीपकागदाची घडी. आधी वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं सगळा मजकूर उतरायचा, तो मुलाला वाचून दाखवायचा, मग हात धुवायचे, आणि मगच खऱ्या अर्जाला शाई लागायची. "रकाना रिकामा नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ज्या प्रश्नाला उत्तर नसेल तिथेही ते 'लागू नाही' असं दोन शब्दांत लिहीत. त्यांच्या हातून गेलेल्या अर्जावर पांढरी जागा म्हणून सापडायची नाही.

एकदा केळीचे एक व्यापारी मुलाला घेऊन आले. जन्मतारखेचा रकाना आला तशी त्यांनी आवाज बारीक केला. "सर, दोन वर्षं कमी लिहा ना. सगळेच लिहितात. पुढे नोकरीत कामाला येईल."

सरांनी टाक खाली ठेवला. "माझ्याकडून भरून घ्यायचा असेल तर मुलगा जेवढ्या वर्षांचा आहे तेवढ्याच वर्षांचा राहील."

"अहो, दोनच वर्षं तर..."

"मग ही दोन वर्षं त्यानं काय केलं, ते मी कोणत्या रकान्यात लिहू?"

व्यापारी मुलाकडे बघू लागले. मुलगा मात्र हसला, आणि खरी तारीख त्यानंच सांगितली.

दुसरी सवय स्टेशनवरची. ज्याचा अर्ज भरला त्याला गाडीत बसवायला सर जात. खिडकीच्या गजावर हात ठेवून वाटेतली स्टेशनं ओळीनं म्हणून दाखवत. नागपूरला जाणारा असेल तर "रावेर, सावदा, भुसावळ, मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, पुलगाव, वर्धा, नागपूर." जबलपूरचा असेल तर इटारसीवरून. आया पदराला डोळे पुसत असत आणि सर पुलगावात पोचलेले असत. आशीर्वाद म्हणतात तो सरांच्या बाबतीत हाच होता, आणि मुलं तो मान खाली घालून घेत. एकदा मी सहज विचारलं, "सर, इंदूरच्या वाटेवर कोणती स्टेशनं आहेत?" तेव्हा ते म्हणाले, "ती खंडव्याहून लहान गाडी. संस्थानातली. ती आपल्याकडे मोडत नाही." आणि ते खरंही होतं. बुऱ्हाणपूरचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. इंदूर नकाशावर हाताच्या अंतरावर असलं तरी ते होळकरांचं होतं, आणि संस्थान गेल्यावरही वेगळ्याच राज्यात होतं.

मग छप्पन साली राज्यं नव्यानं मांडली गेली. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही भोपाळकडे, आणि इंदूर, ग्वाल्हेर, रीवा हे सगळे आमच्यात आले. माझं गाव जळगाव. माझं घर आणि माझी नोकरी आधीपासूनच दोन राज्यांत होती, त्यामुळे मला फारसं काही वाटलं नाही. पण शाळेत भूगोलाच्या वर्गातला मेणकापडी नकाशा जुना होता आणि नवा यायला वर्ष लागणार होतं. सरांनी ठरवलं की आपणच सुधारू. मी लाल रंग आणि बारीक ब्रश घेऊन स्टुलावर चढलो. सर खालून सांगत होते, "वर घ्या. आणखी वर. छिंदवाडा आपला." नागपूरजवळ आलो तेव्हा म्हणाले, "जरा हलक्या हातानं, मास्तर. पुसायची वेळ आली तर?"

मग इंदूरभोवतीची जुनी रेघ मी पिवळ्या रंगानं बुजवली. त्या वेळी सर काहीच सांगत नव्हते. ते टेबलावरचे खडू डबीत भरत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका पोरानं विचारलं, "सर, तो अब अपन कहाँ के?"

"बुऱ्हाणपूरचे," सर म्हणाले. "वही उघड."

कुसुम ही सरांची एकुलती एक मुलगी. तिच्याआधीची दोन मुलं जन्मतानाच गेली होती. तेव्हा गावच्या दवाखान्यात बाई डॉक्टर नव्हती आणि सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, पुरुष डॉक्टरला जवळ येऊ दिलं नव्हतं, हे वहिनींनीच मला एकदा मेथी निवडताना सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट. त्यामुळे कुसुमनं डॉक्टर व्हायचं हे त्या घरात कोणी ठरवलं असं झालं नाही, ते ठरलेलंच होतं. ती खंडव्याला मावशीकडे राहून इंटर सायन्स झाली, आणि उत्तम झाली. अंगानं किरकोळ, बोलणं कमी, पण जे बोलेल ते तुटक आणि सरळ. सरांना ती नाना म्हणायची.

नागपूरचा अर्ज सरांनी दोन रविवार भरला. वाटण्या होऊन दुसरं वर्ष चालू होतं, पण आदल्या वर्षी नागपूरनं इकडची मुलं घेतली होती, त्यातले दोन अर्ज सरांच्याच हातचे होते. जबलपूरचाही अर्ज गेला, पण तो आपला असावा म्हणून. ज्या दिवशी नागपूरचं पाकीट पोस्टात पडलं त्याच दिवशी वहिनींनी दराबा केला. उत्तर यायच्या आधी दराबा केलेला मी तेवढाच एक पाहिला. मी म्हटलं, "वहिनी, जरा थांबायचं होतं." तर म्हणाल्या, "अर्ज यांच्या हातचा आहे ना? मग काहून थांबू?" आणि त्यांनी गल्लीभर वाट्या पाठवल्या.

सरही कमी नव्हते. त्यांनी हिरवी पत्र्याची ट्रंक आणली आणि माझ्यापुढे ठेवली. मी पांढऱ्या रंगानं सुबक अक्षरांत लिहिलं: कु. कुसुम नारखेडे, आणि खाली मोठ्या अक्षरांत नागपूर. लिहिताना मी म्हटलं, "सर, अजून उत्तर यायचंय." ते म्हणाले, "रंग वाळायला वेळ लागतो, मास्तर."

नागपूरचं पत्र सभ्य होतं. यंदापासून जागा मुंबई राज्यातल्या रहिवाशांसाठी आहेत, सबब क्षमस्व. सरांनी ते तीनदा वाचलं आणि घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं. आठवड्याभरात जबलपूरची यादी आली. तिच्यात कुसुमचं नाव नव्हतं. ग्वाल्हेर, रीवा, भोपाळ, सगळीकडची मुलं आता एकाच रांगेत उभी होती आणि जागा होत्या तेवढ्याच होत्या.

सर आणि वहिनी या दोघांनी हे कसं सोसलं ते मी भिंतीपलीकडून पाहिलं. सर शाळेत जायला लांबचा रस्ता धरू लागले, गावकुसाच्या दरवाजाकडून न जाता मागच्या गल्लीतून. कोणी विचारलंच तर "पाहू" म्हणत आणि चालू पडत. वहिनींचं उलट. त्या विहिरीवर, देवळात, दारात, विचारायच्या आधी सांगून मोकळ्या होत. "नाही भेटली सीट. नागपूरवाले म्हणतात, तुम्ही परक्या राज्यातले. आता माझं माहेर वर्ध्याचं. म्हणजे मीच परक्या राज्यातली निघाली की नाही?" बाया हसत, आणि मग विषय बदलत. दराब्याच्या वाट्या एकेक करून परत आल्या, धुऊन पुसून, आत साखर नाहीतर दोन लाडू. "कोणी रिकामी नाही दिली," वहिनी मला म्हणाल्या. एवढं सांगून त्यांनी त्या वाट्या पुन्हा एकदा पुसल्या. रविवारी ओट्यावर येणारी मुलं त्या वर्षी आली नाहीत. सर चटई टाकून बसत आणि अकराच्या सुमाराला ती गुंडाळत.

सगळ्यांत शांत कुसुम होती. तिचं म्हणणं एकच, "इंदूर आहे अजून." इंदूरच्या कॉलेजचा अर्ज तिनं स्वतः खंडव्याहून मैत्रिणीच्या भावाकडून मिळवला होता, खाली सही करून नानांच्या हातात दिला होता आणि परीक्षेच्या गडबडीत परत गेली होती. शाळा सकाळची होती, त्यामुळे अकराला आम्ही घरी असू. तेव्हाच पोस्टमन येई, आणि ती दाराशी उभी राही. त्यालाही सवय झाली होती. "बाई, इंदूरका कुछ नहीं आज," असं तो कोपऱ्यावरूनच सांगे. कुसुम मागे वळून विचारी, "नाना, इंदूरवाले उशीर करतात का?" आणि सर वर न बघता म्हणत, "येईल."

एका दुपारी वहिनींनी सरांच्या उतरत्या पेटीतला जुना कागद बदलायला काढला. माझ्या खोलीला आणि त्यांच्या माजघराला एकच लाकडी आडभिंत होती. मला ऐकायचं नव्हतं, पण कान काढून ठेवता येत नाहीत.

"ही सही कुसुमची आहे ना?" वहिनी विचारत होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण लेकीची सही ओळखू येत होती. "मग हा कागद इथं काहून?"

सरांनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "इंदूरचा आहे."

"पाठवला नाही?"

"मला वाटलं, ते आपल्याला कशाला घेतील. नंतर भरू म्हटलं. नागपूरचा गेला, मग त्या कागदावर टीपकागद पडला, आणि... तारीख गेल्यावर सापडला."

"साऱ्या शाळेला तुम्ही शिकवलं ना, इंदूर आता आपलं झालं म्हणून? मग तुम्हाला कोण शिकवणार होतं?"

मग वहिनींनीच विचारलं, "पोरीला ठाऊक आहे?"

"नाही."

"ती समजते आपलेच मार्क कमी पडले. रोज दारात उभी राहते. तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

संध्याकाळी सर माझ्या खोलीत आले. असं ते कधी येत नसत. त्यांनी तो अर्ज माझ्या टेबलावर उलगडला. खाली कुसुमची सही, आणि वर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे रकाने रिकामे. "बघा, मास्तर," ते म्हणाले, आणि एकेका रकान्यावरून बोट फिरवत राहिले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. त्या नकाशावरची रेघ मीच बुजवली होती, पण ती फक्त मेणकापडावर बुजली होती. मी एवढंच म्हटलं, "सर, आजच सांगा."

त्यांनी त्यानंतर आठ दिवस घालवले. आठ दिवस कुसुम दाराशी उभी राहिली. नवव्या दिवशी पोस्टमननं नुसती मान हलवली आणि पुढे गेला, तेव्हा सर ओट्यावरून उठले.

"कुसुम, इंदूरचं पत्र येणार नाही."

"का? त्यांनी तुम्हाला कळवलं?"

"अर्ज गेलाच नाही. मी पाठवला नाही." आणि त्यांनी तो कागद तिच्या हातात दिला.

मी माझ्या दारात होतो आणि वहिनी आतल्या. कुसुमनं कागद पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. ती रडेल असं मला वाटलं. ती ओट्यावर बसली, पेटी पुढे ओढली, टाक दौतीत बुडवला आणि अर्ज भरायला लागली. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, कायमचा पत्ता, आधीच्या परीक्षा. पेन्सिल नाही, कच्चा मसुदा नाही. सर शेजारी उभे होते. बसा असं त्यांना कोणी म्हटलं नाही. जिथं उत्तर नव्हतं तिथं तिनं 'लागू नाही' लिहिलं. शेवटी टीपकागद दाबला आणि ज्याची तारीख महिन्यापूर्वी गेली होती तो अर्ज नानांच्या हातात परत दिला.

"रकाना रिकामा नको ना, नाना," ती म्हणाली, आणि आत गेली.

मी सरांना चार वर्षं पाहिलं, पण त्यांचा चेहरा आठवायचा म्हटलं की मला तेव्हाचा आठवतो. तो कागद त्यांनी घडी करून नागपूरच्या पत्राशेजारी कोटाच्या खिशात ठेवला. पुढे वर्षभर तो तिथंच होता.

त्या वर्षी कुसुमनं नेपानगरच्या एका शाळेत नोकरी धरली. सकाळच्या पॅसेंजरनं जायची, संध्याकाळच्या गाडीनं यायची. नानांशी कामापुरतं बोलायची: पाणी तापलंय, छत्री घ्या, भाजी संपली. रावेरचं एक स्थळ सांगून आलं, ते वहिनींनी दारातूनच परत पाठवलं. "वर्ष गेलं आहे आमचं, पोरगी नाही गेली," असं त्या मध्यस्थाला म्हणाल्या. हिरवी ट्रंक माजघरात पडून होती आणि तिच्यावरच्या नागपूरवर वहिनी धान्याचा डबा ठेवत.

अर्जांचे दिवस पुन्हा आले तेव्हा एक शिंपी आपल्या मुलीला घेऊन ओट्यावर आला. "सर, हिचा फारम भरून द्या ना." सर म्हणाले, "मी नाही भरणार. ती भरेल, मी बाजूला बसतो." आणि खरंच ती मुलगी अडखळत लिहीत होती आणि सर टीपकागद हातात धरून बसले होते, जिथं शाई ओली दिसेल तिथं दाबायला. कुसुमनं आपले अर्ज नेपानगरला मधल्या सुटीत भरले आणि तिथूनच टाकले. सरांनी विचारलं नाही.

इंदूरचं पाकीट आलं ते अकरा वाजता. सर ते हातात घेऊन ओट्यावर बसले. वहिनी दोनदा बाहेर आल्या. "उघडा ना."

"नाव तिचं आहे," सर म्हणाले.

पाच वाजून गेल्यावर कुसुम आली, तोवर पाकिटाचा एक कोपरा हाताच्या घामानं मऊ झाला होता. तिनं ते उभ्यानंच फोडलं, वाचलं आणि आईला म्हणाली, "भेटली." मी म्हटलं, "वहिनी, परात काढा." तर डोळे पुसत म्हणाल्या, "आधी गाडीत बसू द्या तिला."

दुसऱ्या दिवशी सरांनी ट्रंक माझ्या खोलीत आणली. मी हिरव्या रंगानं नागपूर बुजवलं आणि विचारलं, "इंदूर लिहू ना?" ते म्हणाले, "तिला विचारा." मी विचारलं. कुसुम म्हणाली, "नुसतं नाव राहू द्या. गाव मला ठाऊक आहे."

मला त्याच महिन्यात जळगावला नोकरी मिळाली होती आणि कुसुमच्या मागोमाग त्याच दिवशी माझीही गाडी होती, वळकटी बांधून तयार होती. कुसुमला पोचवायला मी स्टेशनवर गेलो ते त्यामुळे, आणि सरांना मी पाहिलं तेही तेव्हाच शेवटचं. खंडव्याकडे जाणारी गाडी आली. ट्रंक चढवली, वहिनींनी खिडकीतून डबा दिला. सरांनी सवयीनं गजावर हात ठेवला.

"असीरगड रोड, चांदनी, नेपानगर, डोंगरगाव, खंडवा," ते म्हणाले, आणि थांबले. खंडव्याला गाडी बदलायची होती आणि पुढची स्टेशनं त्यांना येत नव्हती. ते गजाकडे बघत उभे राहिले. गार्डनं शिट्टी दिली.

"सनावद," कुसुम म्हणाली.

सरांनी वर पाहिलं. "सनावद."

"बडवाह."

"बडवाह."

गाडी हलली. सर गज न सोडता बाजूनं चालू लागले. ती एकेक नाव सांगत होती आणि ते तिच्यामागून म्हणत होते, चोरल, कालाकुंड, पाताळपाणी. मग गाडीचा वेग वाढला आणि हात सुटला. ती खिडकीतून काहीतरी ओरडली, ते महू असावं. मला नीट ऐकू आलं नाही, सरांना आलं.

वहिनी आणि मी फलाटाच्या टोकाशी पोचलो तेव्हा गाडी दिसेनाशी झाली होती. सर रुळांकडे तोंड करून उभे होते आणि खंडव्यापासून पुन्हा म्हणून बघत होते. इंदूरपर्यंत गेले. मध्ये कुठे अडले नाहीत.